जुन्या गेमिंग लॅपटॉपमधलं बदललेलं ग्राफिक्स कार्ड: 93 अंशांवरून खाली येईपर्यंतच्या नोंदी

मशीन 2012 सालचं. 17 इंची गेमिंग लॅपटॉप, तिसऱ्या पिढीचा आय7, 180 वॉटचा अडॅप्टर, वजन चार किलोच्या घरात. मूळ कार्ड जीटीएक्स 680एम. फेब्रुवारीत पडद्यावर हिरव्या-जांभळ्या चौकटी यायला लागल्या आणि मार्चअखेर ते गेलं. दहा वर्षं चाललं, तक्रार नाही. त्या काळच्या मोठ्या गेमिंग लॅपटॉपांत कार्ड मदरबोर्डला डाग दिलेलं नसून एमएक्सएम खाचेत बसवलेलं असायचं, म्हणून ते बदलता येतं. नवं (म्हणजे दुसऱ्याने वापरून विकलेलं) कार्ड जीटीएक्स 970एम, 3 जीबी. ठिकाण नागपूर, महिना एप्रिल.

10 एप्रिल 2022, रविवार

कार्ड आलं. 11,500 रुपये. दोन वर्षांपूर्वी याच कार्डाचे एवढे पैसे कुणी मागितले असते तर हसलो असतो, पण सध्या ग्राफिक्स कार्डांचे भाव सगळीकडेच चढलेत. आकार बरोबर आहे: एमएक्सएम टाइप बी, 82 बाय 105 मिलिमीटर.

पहिली अडचण अशी, की कार्डाच्या पाठीला लागणारी फुलीच्या आकाराची लोखंडी पट्टी सोबत आली नाही. हीटसिंकचे, म्हणजे चिपची उष्णता ओढून पंख्याकडे नेणाऱ्या धातूच्या भागाचे, चार स्क्रू याच पट्टीत घट्ट होतात. जुन्या कार्डाची पट्टी काढायला गेलो तर ती चिकटवलेली निघाली. स्क्रूड्रायव्हर घालून उचकटणार होतो, तेवढ्यात वहिनी म्हणाली, "थांबा भाऊजी, मुलांच्या वह्यांवरची लेबलं मी ड्रायरने काढते." केस वाळवायच्या ड्रायरने दोन मिनिटं ऊब दिली आणि पट्टी अलगद सुटली. उचकटली असती तर मागचे बारीक कपॅसिटर गेलेच असते.

थर्मल पॅड, म्हणजे कार्डावरच्या लहान भागांची उष्णता हीटसिंकपर्यंत नेणाऱ्या गाद्या, जुने वाळून कडक झाले होते. दुकानात फक्त 1.5 मिलिमीटर जाडीचे मिळाले, 350 रुपये. जाड आहेत तर चांगलेच दाबून बसतील, असं वाटलं. हे वाक्य पुढे लक्षात ठेवा.

जोडलं. पडदा पहिल्याच झटक्यात लागला. ड्रायव्हरने मात्र हात वर केले: इन्स्टॉलर म्हणतो हार्डवेअर जुळत नाही. कारण साधं आहे. इन्स्टॉलरच्या आयएनएफ फाइलमध्ये कोणत्या लॅपटॉपात कोणतं कार्ड याची यादी असते आणि माझी जोडी कुठल्याच कंपनीने कधी विकलेली नाही. डिव्हाइस मॅनेजरमधून कार्डाचा हार्डवेअर आयडी घेतला, आयएनएफमध्ये त्याची ओळ घातली, विंडोजच्या स्टार्टअप सेटिंगमध्ये एफ7 दाबून सही-तपासणी बंद केली, मग बसला. ओळ दोन ठिकाणी घालावी लागते, मी एकाच ठिकाणी घातली होती. त्यात संध्याकाळ गेली.

11 एप्रिल

पहिली चाचणी. युनिजिन हेवन लावलं, ग्राफिक्स कार्डावर ताण टाकून बघायचा प्रोग्राम. खोलीत 35 अंश, कूलर चालू.

काम नसताना 58. लोडवर 93. तिथे पोचलं की क्लॉक, म्हणजे चिपचा वेग, 924 मेगाहर्ट्झवरून साडेपाचशेपर्यंत घसरतो, चित्र अडखळतं, तापमान जरा उतरतं, क्लॉक पुन्हा चढतो. कार्डाची माहिती दाखवणाऱ्या जीपीयू-झेडमध्ये, वेग कशामुळे अडला ते सांगणाऱ्या पर्फकॅपच्या रांगेत सरळ 'थर्मल' लिहून येतंय.

जुनं 680एम 100 वॉटचं होतं. 970एम त्याहून कमी वीज खातं. हीटसिंक तेच, पंखा तोच, खोली तीच. जुनं कार्ड ऐन मे महिन्यातही 82-83 च्या वर जात नसे. कमी खाणारं कार्ड जास्त का तापावं? हा प्रश्न मी वहीत लिहिला आणि खाली उत्तर लिहिलं: "पेस्ट नीट लागली नसेल." (मुख्य चिप आणि हीटसिंक यांच्यात उष्णता नेण्यासाठी लावतात तो लेप.)

14 एप्रिल, आंबेडकर जयंतीची सुट्टी

पेस्ट बदलली. एमएक्स-4, 4 ग्रॅमची ट्यूब, 650 रुपये. मध्यभागी वाटाण्याएवढा थेंब. निकाल 92.

उघडलं, पुसलं, पुन्हा लावली. या वेळी जुन्या एटीएम कार्डाने पातळ पसरवली. निकाल 93.

तिसऱ्यांदा फुलीच्या आकारात. निकाल 92.

एकदा खोलायचं म्हणजे खालचं झाकण, पंख्याची वायर, हीटसिंकचे चार आणि कार्डाचे दोन स्क्रू. पाऊण तास जातो. तीन वेळा केलं, शिवाय आयसोप्रोपिल अल्कोहोलची 180 रुपयांची बाटली निम्मी संपली. सुट्टी गेली. बाहेर दीक्षाभूमीकडे जाणाऱ्या रस्त्यावर दिवसभर निळी गर्दी आणि मी आत चिमट्याने कापूस धरून बसलेला.

17 एप्रिल

आता संशय हवेवर. पंखा काढला. पंखा आणि हीटसिंकच्या पत्र्यांची जाळी यांच्या मधोमध नमद्यासारखा धुळीचा थर. त्यात आमच्या कूलरच्या ताट्यांतलं वाळ्याचं कूसही निघालं. बाहेरून फुंकर मारून हा थर कधीच निघत नाही, उलट आतल्या आत घट्ट होतो. पंखा सोडवूनच काढावा लागतो. ब्रशने साफ केलं. 92 चं 89 झालं.

तेव्हा आणखी एक गोष्ट लक्षात आली. पंखा ओरडत नाहीये. जुन्या कार्डाच्या वेळी 65 ओलांडलं की तो मिक्सरसारखा सुरू व्हायचा. आता 90 ला पण हळू. पंख्याचा वेग ठरवणारी मदरबोर्डवरची चिप परक्या कार्डाचं तापमान वाचत नसावी. एचडब्ल्यूइन्फो64 हा प्रोग्राम काही ठरावीक लॅपटॉपांचे पंखे स्वतःच्या ताब्यात घेऊ शकतो. माझा त्यात बसला, नशीब. 50 ला 40 टक्के, 70 ला 75 टक्के, 80 ला पूर्ण, असा तक्ता भरला.

निकाल 86. आवाज असा की बाबांनी बैठकीतून विचारलं, "काय दळून राहिला रे?"

आलेखात दिसलेलं एक इथे मुद्दाम लिहितो. हेवन सुरू केल्यावर तापमान 51 वरून 84 वर सहा सेकंदांत गेलं. नंतर 86 वर ठाण मांडलं. मी हे पाहिलं, स्क्रीनशॉटही घेतला, आणि सोडून दिलं. हवेचा मार्ग तुंबला असेल तर आधी हीटसिंकचं तांबं तापतं, मग जाळी, आणि चिप हळूहळू चढते, चार-पाच मिनिटं घेते. काही सेकंदांत उडी मारते तेव्हा उष्णता चिपमधून बाहेरच पडत नसते. उत्तर माझ्या स्क्रीनशॉटमध्ये होतं. पुढचा आठवडा मी तरीही वाया घालवला.

23 एप्रिल

तांब्याचा तुकडा. कुणीतरी सांगितलं, चिप आणि हीटसिंकमध्ये फट असेल तर तांब्याची चकती ठेवावी. इतवारीत जाऊन अर्धा मिलिमीटरचा पत्रा आणला, 120 रुपये. कात्रीने चिपच्या मापाचा कापला, कडा घासल्या, दोन्ही बाजूंना पेस्ट लावली.

97 ला लॅपटॉप बंद पडला. पुन्हा चालू केला तर पडदा काळा.

त्या दहा मिनिटांत 11,500 रुपये डोळ्यांसमोरून गेले. उघडलं तर स्क्रू आवळताना तुकडा सरकून चिपच्या बाजूच्या कपॅसिटरांना जवळजवळ टेकला होता. मी तिथे वीज न जाऊ देणारी कॅप्टॉन टेप लावली होती म्हणून वाचलं, ही एवढी एक अक्कल शाबूत होती. कात्रीने कापलेला पत्रा कधीच सपाट नसतो. कडेला दुमडतो, मध्ये फुगतो. त्याला काचेवर सँडपेपर ठेवून घासायला हवं होतं, पण खरं तर तो लागणारच नव्हता. काढून टाकला. पडदा आला.

26 एप्रिल

लॅपटॉप पिशवीत घालून सीताबर्डीला एका दुरुस्तीवाल्या भाऊंकडे गेलो. मोबाइल-लॅपटॉपचं छोटं दुकान, टेबलावर सूक्ष्मदर्शक. हीटसिंक मी त्यांच्यासमोरच उघडलं. त्यांनी कार्डाला हातही लावला नाही, फक्त दिवा जवळ आणला.

"पेस्ट केव्हा लावली?"

"काल."

"दबलीच नाही ना ही. तुम्ही जशी पसरवली तशीच आहे. हे पाहा, कार्डाच्या रेघा पण दिसून राहिल्या."

खरंच होतं. एटीएम कार्डाने ओढलेल्या रेघा चिपवर तशाच्या तशा. हीटसिंकच्या बाजूला फक्त एका कोपऱ्यात राखाडी डाग.

"चिप टेकूनच नाही राहिली, अन् तुम्ही पेस्ट बदलून काय करून राहिले? ह्या गाद्या किती जाडीच्या टाकल्या?"

"दीड."

"काहून?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पॅड इतके जाड आणि कडक की हीटसिंक मेमरीच्या चिपांवरच उभं राहिलं होतं, चार पायांच्या टेबलासारखं, आणि मधली मुख्य चिप खाली मोकळी. स्क्रू आवळून आवळून मी फक्त कार्ड वाकवत होतो. भाऊंनी पैसे घेतले नाहीत. चहा मात्र मी पाजला.

सोळा दिवस. आणि बघायचं काय होतं, तर हीटसिंक उचलल्यावर पेस्टचा ठसा. मी पाच वेळा हीटसिंक उचललं आणि पाचही वेळा ठसा न बघता कापसाने पुसून टाकला.

1 मे, रविवार

मोजमाप. हा भाग सविस्तर लिहितो, कारण यासाठी मला कुठे सरळ उत्तर मिळालं नाही. 680एम आणि 970एम या दोन कार्डांवर मेमरीच्या चिपा आणि मुख्य चिपला वीज पुरवणारे भाग, म्हणजे कॉइल आणि मॉसफेट, वेगवेगळ्या जागी आणि वेगवेगळ्या उंचीचे आहेत. जुन्या पॅडांची जाडी मोजून ती नव्या कार्डाला चालत नाही.

सगळे पॅड काढले. पुतणीची खेळायची क्ले घेतली (परवानगीने, बदल्यात नवा डबा कबूल केला). चण्याएवढ्या गोळ्या करून प्रत्येक मेमरी चिपवर, कॉइलवर आणि मॉसफेटच्या रांगेवर ठेवल्या. क्ले चिकटू नये म्हणून वर-खाली पोळ्या झाकायचं पातळ प्लॅस्टिक. मुख्य चिपवर थोडी पेस्ट. मग हीटसिंक ठेवून चार स्क्रू समोरासमोरच्या जोड्यांनी, प्रत्येकी अर्धा फेरा, शेवटपर्यंत आवळले.

पहिल्यांदा उघडून मोजायला गेलो तर व्हर्नियरच्या जबड्यात क्ले दबली आणि प्रत्येक वेळी वेगळा आकडा. नागपूरच्या मे महिन्यात क्ले म्हणजे श्रीखंडच. दुसऱ्यांदा, हीटसिंक उचलल्यावर कार्ड आणि क्ले प्लॅस्टिकसकट वेगळे केले, क्लेचे चपटे तुकडे वीस मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवले, ब्लेडने मधोमध कापले आणि कापलेली बाजू मोजली. व्हर्नियर मामांचा, ते आयटीआयमध्ये शिकवतात. आकडे जुळायला लागले:

मेमरीवर 0.85 ते 0.9. कॉइलवर 0.4. मॉसफेटवर 1.3.

म्हणजे पॅड अनुक्रमे 1, 0.5 आणि 1.5 मिलिमीटर. फटीपेक्षा जरा जाड, दबून बसेल इतकाच. मी कॉइलवर, जिथे 0.4 ची फट आहे, तिथे दीड मिलिमीटरची गादी ठेवली होती.

मुख्य चिपवरची पेस्ट या वेळी बाजूने बाहेर आली होती, मध्ये पातळ पारदर्शक थर. पहिल्यांदा दिसलं हे.

हे आकडे माझ्या हीटसिंकचे आहेत. तेच कार्ड दुसऱ्या लॅपटॉपात घालणाऱ्याने क्लेचा खटाटोप स्वतः करावा.

2 मे

मुंबईच्या मावसभावाला फोन. लॅमिंग्टन रोडवरून तिन्ही जाडीचे मऊ पॅड घेऊन पाठवायला सांगितले. मऊ हे दोनदा सांगितलं. कडक पॅड योग्य जाडीचा असला तरी दबत नाही. 1,450 रुपये, कुरिअर 80.

8 मे

पॅड आले. तिन्ही राखाडी. पाकिटं उघडून कापायला बसलो.

सगळं बसवलं, हेवन लावलं. 51, 58, 63, 66... सावकाश चढतंय. पाच मिनिटांनी 74 वर थांबलं. क्लॉक एकदाही घसरला नाही. पंखा 75 टक्के. आईला बोलावून आकडा दाखवला. ती म्हणाली, "बरं. जेवायला ये."

जेवून आलो तर लॅपटॉप बंद.

पुन्हा लावलं. 74 वर स्थिर, आणि बाविसाव्या मिनिटाला काही न सांगता अंधार. निळा पडदा नाही, नोंद नाही. तिसऱ्यांदा एकोणिसाव्या मिनिटाला.

मुख्य चिप गार असताना मशीन बंद पडतंय, म्हणजे तापतंय दुसरंच काहीतरी, आणि त्याचा आकडा मला दिसत नाहीये. या कार्डावर मॉसफेटचं तापमान कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये दिसत नाही. घरात कोविडच्या वेळची ताप मोजायची बंदूक होती. झाकण उघडं ठेवून मॉसफेटच्या बाजूला धरली, तर तिने 'एचआय' दाखवलं. बरोबरच आहे, माणसाचा ताप मोजायचं यंत्र ते, 43 च्या पुढे त्याला काही माहीतच नाही. बटण दाबून धरल्यावर पृष्ठभागाचा मोड मिळाला, पण तोही 100 ला थांबतो, आणि तिथेही 'एचआय'च आलं.

उघडलं. मॉसफेटवरच्या पॅडला हीटसिंकचा ठसाच नाही, वरून गुळगुळीत. मोजला: 1 मिलिमीटर. तिन्ही पॅड एकाच रंगाचे, कापताना तुकडे एका ताटलीत ठेवले होते आणि अदलाबदल झाली. दीडचे तुकडे दोन मेमरी चिपांवर गेले होते. तरीही 74 आलं, कारण पॅड मऊ होते आणि दबले. कडक असते तर पुन्हा 90.

रात्री साडेबारापर्यंत बसून बदललं. या वेळी प्रत्येक तुकडा बसवण्याआधी मोजला आणि पाठीवर पेनने जाडी लिहिली.

9 मे

दीड तास हेवन. 73. बंद पडलं नाही. फरमार्क लावलं नाही आणि लावणार नाही. ते नेहमीच्या गेमपेक्षा मॉसफेटवर कितीतरी जास्त ताण टाकतं, आणि कालची रात्र अजून विसरलो नाही.

15 मे

खऱ्या वापरात: गाड्यांच्या शर्यतीचा गेम, तीन तास. कूलर चालू, खोली 34, कार्ड 76. मग मुद्दाम कूलर बंद केला. तासाभरात खोली 39, कार्ड 81. म्हणजे फरक 42 अंशांचा, दोन्ही वेळा. आकडे सांगताना खोलीचं तापमान सांगितल्याशिवाय काही अर्थ नाही. पुण्यात डिसेंबरात कुणी "माझं 68" म्हणेल, तर त्याचं आणि माझं बहुधा सारखंच आहे.

रिव्हाट्यूनर या प्रोग्रामने सेकंदाला 60 फ्रेमची मर्यादा घातली. पडदाच 60 हर्ट्झचा, वरचे फ्रेम कुणाला दाखवायचे? 76 चं 70 झालं. फुकट. हे पहिल्या दिवशीही करता आलं असतं, पण तेव्हा केलं असतं तर खरा दोष झाकला गेला असता.

5 जून

गेल्या आठवड्यापासून आकडा वर सरकतोय. खोली 34, मर्यादा 60 फ्रेम, कार्ड 77. तीन आठवड्यांत सात अंश.

उघडलं. या वेळी आधी फोटो काढला, मग हात लावला. चिपच्या मध्यावर पेस्ट जवळजवळ उरलेली नाही, कडेला ढीग. तापणं-निवणं चालू असताना पातळ पेस्ट हळूहळू बाहेर ढकलली जाते. उघड्या चिपवर हे जास्त होतं. सीताबर्डीच्या भाऊंकडून घट्ट पेस्ट आणली, त्यांनी सिरिंजमध्ये भरून दिली, 200 रुपये. पसरत नाही, ओढावी लागते, चाकूने गार लोणी लावल्यासारखं. हीटसिंक ठेवण्याआधी ड्रायरने जरा कोमट केलं. वहिनीचा ड्रायर आता माझ्याच टेबलावर असतो.

निकाल 71.

26 जून

तीन आठवडे झाले, 69 ते 71. पाऊस सुरू झालाय, खोली 30 वर आली, त्यामुळे उतरलेल्या आकड्याचं श्रेय मी घेत नाही. खोली आणि कार्ड यांतला फरक तेव्हा 37 होता, आता 39-40 आहे. एवढं चालेल. 45 ओलांडलं तर उघडेन.

हिशेब: कार्ड 11,500, चुकीचे पॅड 350, पेस्ट 650, अल्कोहोल 180, तांबं 120, बरोबर पॅड आणि कुरिअर 1,530, घट्ट पेस्ट 200. एकूण 14,530. क्लेचा नवा डबा यात धरलेला नाही. वेळ मोजला तर 34 तास. त्यातले साधारण 20 तास 26 एप्रिलच्या आधीचे.

एचडब्ल्यूइन्फो64 विंडोजबरोबर आपोआप सुरू व्हायला ठेवलंय. ते चालू नसेल तर पंखा पुन्हा गप्प बसतो, हे परवा अपडेटनंतर कळलं, 84 बघून.

पुढचं उघडणं दिवाळीच्या साफसफाईत, पंख्याच्या जाळीसाठी.